समीकरणचित्रण

समीकरणचित्रण : बैजिक समीकरणे, असमता व फलने यांचे आलेख एकाच प्रतलावर काढून त्यांच्या जुळणीतून एखाद्या वस्तूची, प्राण्याची, अक्षराची किंवा नक्षीची आकृती तयार करणे, यास समीकरणचित्रण म्हणतात. आलेख काढण्याचा नेहमीचा हेतू समीकरणाचे स्वरूप समजून घेणे हा असतो; समीकरणचित्रणात हा क्रम उलटा होतो. आकृती आधी ठरलेली असते व तिला अनुरूप समीकरणे शोधावयाची असतात. आलेख काढू शकणारे हातातील गणकयंत्र १९८५ मध्ये बाजारात आले आणि त्यानंतर हा छंद विद्यार्थ्यांमध्ये पसरला. पुढे संगणक व भ्रमणध्वनी यांवरील विनामूल्य आलेखकांमुळे (आलेख काढणाऱ्या आज्ञावलींमुळे) तो जगभर गेला. त्यामागील गणितीय प्रश्न मात्र पुष्कळ जुना आहे आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा मराठवाड्याच्या पूर्व सीमेलगतच्या प्राचीन अश्मक प्रदेशापर्यंत जातो.

मूळ अडचण : समीकरण संपूर्ण वक्र देते, तर चित्राला त्या वक्राचा केवळ एक तुकडा हवा असतो. साध्या हसऱ्या चेहऱ्याचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. चेहऱ्यासाठी क्ष² + य² = २५ हे वर्तुळ व डोळ्यांसाठी (क्ष − २)² + (य − २)² = ०·२५ आणि (क्ष + २)² + (य − २)² = ०·२५ ही दोन लहान वर्तुळे पुरेशी होतात. ओठांसाठी य = क्ष²/४ − ३ हे अन्वस्त (पॅराबोला) योग्य दिसते; परंतु ते ओठांपाशी थांबत नाही. दोन्ही बाजूंना वर चढत, क्ष चे मूल्य ४·५ च्या जवळपास असता ते चेहऱ्याचे वर्तुळ भेदून बाहेर पडते व अनंतापर्यंत जाते. क्ष चे मूल्य −२ ते २ या प्रांतापुरतेच घ्यावयाचे, अशी मर्यादा घातली म्हणजे हसू उमटते. वर्तुळ व विवृत्त (लंबवर्तुळ) यांसारखे बंदिस्त वक्र वगळता बहुतेक सर्व वक्रांच्या बाबतीत हीच स्थिती असते. म्हणून समीकरणचित्रणाचा इतिहास हा जितका समीकरणांचा, तितकाच त्यांचे तुकडे कसे व कोठे पाडावेत याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : मांजरा नदी कंदकुर्ती येथे गोदावरीस मिळते. या संगमाच्या परिसरात मांजरेच्या पश्चिमेस नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुका व पूर्वेस तेलंगणातील बोधन हे गाव आहे. अश्मक जनपदाची राजधानी पोदन किंवा पौदन्य म्हणजे हेच बोधन, असे अनेक इतिहासकार मानतात. आर्यभट (जन्म ४७६) यांचा जन्म अश्मकात झाल्याचे केरळमधील टीकाकार नीलकंठ सोमयाजी यांनी नोंदविले आहे. आर्यभटीय या ग्रंथावर ६२९ मध्ये टीका लिहिणारे पहिले भास्कर यांचाही संबंध सौराष्ट्रातील वलभीशी आणि अश्मकाशी जोडला जातो. (सिद्धांतशिरोमणि व त्यातील लीलावती यांचे कर्ते भास्कराचार्य त्यांच्यानंतर सु. पाचशे वर्षांनी झाले.) अश्मक हे विस्तीर्ण जनपद होते, तेव्हा यावरून या ज्योतिर्विदांना बोधन-बिलोलीच्या पंचक्रोशीतील ठरविणे युक्त होणार नाही, परंतु अश्मकीय म्हणून ओळखल्या गेलेल्या परंपरेची ही भूमी होय, एवढे निश्चित.

पहिल्या भास्करांच्या महाभास्करीय या ग्रंथात ज्या (साइन) काढण्याचा एक विलक्षण नियम आहे. आर्यभटांनी ३ अंश ४५ कलांच्या अंतराने २४ ज्यांतरे दिली होती व मधल्या कोनांसाठी सारणीचा आधार घ्यावा लागे. भास्करांचा नियम सारणीशिवाय चालतो. कोन अंशांत घेऊन तो १८० मधून वजा करावा आणि येणाऱ्या बाकीने त्याच कोनास गुणावे. या गुणाकाराची चौपट अंशस्थानी व ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून येणारी संख्या छेदस्थानी ठेवावी. त्रिज्या १ मानल्यास हा भागाकार म्हणजे त्या कोनाची ज्या होय. ३० अंशांसाठी गुणाकार ४,५०० येतो. १८,००० ला ३६,००० ने भागल्यास ०·५ हे अचूक मूल्य मिळते. ९० अंशांसाठी बरोबर १ येतो. ४५ अंशांसाठी ०·७०५९ येते. खरे मूल्य ०·७०७१ आहे. शून्य ते १८० अंशांपर्यंत कोठेही घेतले तरी फरक ०·००१७ हून अधिक होत नाही.

भास्करांनी आलेख काढला नाही. सहनिर्देशकांची कल्पना त्यांच्या काळी नव्हती. तथापि हा नियम आज आलेखकावर मांडून त्याच पटलावर ज्या-वक्र काढला, तर शून्य ते १८० अंश या भागात दोन रेषा एकमेकींवर इतक्या नेमक्या बसतात की एकच रेषा दिसते. प्रारंभीच्या गणकयंत्रांच्या पडद्यावर उभ्या दिशेने ६४ बिंदू असत. शून्य ते १ हे अंतर पडद्याच्या संपूर्ण उंचीवर ताणले, तरी एका बिंदूची उंची सु. ०·०१६ होते, म्हणजे भास्करांची चूक एका बिंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढी भरते. ती त्या यंत्राला दाखविताच येणार नाही. मात्र क्ष-अक्षावर डावीकडे सरकले की चित्र पालटते. −९० अंशांना खरी ज्या −१ असते, तर नियमाने −१·५ येते. त्याही पुढे खरा वक्र वर-खाली हेलकावत राहतो व भास्करांचा वक्र −४ या मूल्याकडे हळूहळू उतरत जातो. यात नियमाचा दोष नाही. तो अर्धवर्तुळापुरताच आहे आणि पुढील कोनांसाठी वर्तुळाच्या पदांवरून चिन्ह व मूल्य ठरविण्याची रीत प्राचीन ज्योतिर्विदांना ठाऊक होती. आपला सूत्ररूप वक्र कोठपर्यंत विश्वासार्ह आहे याची जाण त्या नियमातच अंतर्भूत आहे. समीकरणचित्रण करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हीच जाण लागते.

वैश्लेषिक भूमितीचा उदय : समीकरण व वक्र यांचा प्रत्यक्ष सांधा सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जुळला. रने देकार्त यांचा भूमितीविषयक निबंध १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्येअर द फेर्मा यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच पद्धती शोधली, पण त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १६७९ मध्ये छापले गेले [⟶ वैश्लेषिक भूमिती]. या नव्या साधनाबरोबरच बरोबर समीकरणावरून चुकीचे चित्र काढण्याचा पहिला प्रसिद्ध प्रकारही घडला.

देकार्त यांनी १६३८ मध्ये क्ष³ + य³ = ३अ क्षय या समीकरणाचा वक्र चर्चेस घेतला. क्ष व य दोन्ही धन असलेल्या पहिल्या चरणात या वक्राचा पानासारखा फास तयार होतो व तो देकार्त यांनी अचूक ओळखला. ऋण सहनिर्देशकांचा वापर मात्र अद्याप रुळला नव्हता. त्यामुळे हेच पान चारही चरणांत पुन्हा येत असावे, अशी त्यांची समजूत झाली. रॉबेर्व्हाल यांचाही तसाच ग्रह झाला आणि या वक्राला जाईचे फूल असे नाव पडले. वास्तविक तिसऱ्या चरणात हा वक्र असूच शकत नाही : अ धन असून क्ष व य दोन्ही ऋण असतील, तर समीकरणाची डावी बाजू ऋण व उजवी धन होते. दुसऱ्या व चौथ्या चरणांत पाकळ्या नसून दोन अनंत भुजा आहेत आणि त्या क्ष + य + अ = ० या सरळ रेषेला उत्तरोत्तर जवळ जातात. ही रेषा दाखवून वक्राचे खरे रूप हायगेन्झ यांनी १६९२ मध्ये दिले. चार पाकळ्यांचे सुंदर फूल मोडून त्या जागी एक फास व दोन फाटे आले. समीकरणाकडे चिन्हांच्या नजरेने एकदा पाहिले असते, तर टळली असती अशी ही चूक युरोपातील श्रेष्ठ गणितज्ञांकडून झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आकृतीचे सौंदर्य हा तिच्या खरेपणाचा पुरावा नव्हे.

यानंतर वक्रांचे वर्गीकरण हा स्वतंत्र उद्योग झाला. आयझॅक न्यूटन यांनी १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात तृतीय घाताच्या वक्रांचे ७२ प्रकार वर्णिले. राहिलेले सहा नंतर इतरांनी भरून काढले. खऱ्या अर्थाने चित्रासाठी समीकरण शोधणारे पहिले गणितज्ञ म्हणून इटलीतील ग्वीदो ग्रांदी यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांनी ध्रुवीय सहनिर्देशकांत ज्यांचे समीकरण आज त्रि = अ ज्या (न थ) असे लिहिले जाते, अशा फुलांच्या आकाराच्या वक्रांचा अभ्यास केला व १७२८ मध्ये या भूमितीय फुलांवर पुस्तक लिहिले. येथे न विषम असेल, तर न पाकळ्या व सम असेल, तर २न पाकळ्या येतात. त्यामुळे तीन, चार, पाच, सात, आठ पाकळ्यांची फुले सहज मिळतात. परंतु दारापुढील रांगोळीत हमखास काढले जाणारे सहा पाकळ्यांचे फूल न चे कोणतेही पूर्णांकी मूल्य घेऊन मिळत नाही. त्यासाठी तीन पाकळ्यांचे एक फूल उलटे करून दुसऱ्यावर ठेवावे लागते किंवा ज्या ३थ चे केवलमूल्य घ्यावे लागते. ग्रांदी यांच्या मार्गाने जाणारे अर्वाचीन उदाहरण म्हणजे अमेरिकेतील टेंपल फे यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला फुलपाखरू-वक्र होय. घातीय फलन, कोज्या व ज्येचा पाचवा घात यांच्या बेरजेतून एकाच ध्रुवीय समीकरणाने पंख पसरलेले फुलपाखरू त्यात उमटते. असे एकाच समीकरणातून साधलेले चित्र विरळा.

बिंदू जोडण्याचा प्रश्न : हाताने आलेख काढताना क्ष ची काही मूल्ये घेऊन य ची मूल्ये काढतात, आलेखकागदावर बिंदू मांडतात व ते जोडतात. ठिपक्यांच्या रांगोळीची रीत याहून फारशी वेगळी नाही. ठिपके तेच ठेवून ते निरनिराळ्या प्रकारे जोडल्यास निरनिराळ्या रांगोळ्या होतात, हे रांगोळी काढणारीला ठाऊक असते. आलेख काढणाऱ्याला मात्र त्याचा विसर पडतो. दोन बिंदूंच्या मध्ये वक्र काय करतो हे बिंदू सांगत नाहीत, ते समीकरणाला विचारावे लागते. गणकयंत्राच्या आगमनानंतर हा प्रश्न सुटला, असा सार्वत्रिक समज झाला. प्रत्यक्षात तो अधिक अवघड झाला, कारण बिंदू जोडणारा हात दिसेनासा झाला.

आलेखी गणकयंत्र : कॅसिओ या जपानी कंपनीचे एफएक्स-७०००जी हे १९८५ मध्ये विक्रीस आलेले यंत्र या प्रकारातील पहिले होय. त्याचा पडदा ९६ × ६४ बिंदूंचा असून आज्ञा साठविण्यासाठी केवळ ४२२ बाइट स्मृती होती. त्यानंतर शार्प (१९८६), ह्यूलेट-पॅकार्ड (१९८७) व टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स (टीआय-८१, १९९०) या कंपन्यांची यंत्रे आली. अमेरिकेत ओहायओ स्टेट विद्यापीठातील फ्रँक डिमाना व बर्ट वेट्स यांनी गणिताच्या वर्गात या यंत्रांचा पुरस्कार केला आणि १९९५ पासून तेथील महाविद्यालयपूर्व कलनशास्त्राच्या प्रगत परीक्षेत आलेखी गणकयंत्र आवश्यक ठरले. त्यामुळे ते असंख्य विद्यार्थ्यांच्या दप्तरात गेले. तासाला कंटाळलेल्या मुलाच्या हाती असे यंत्र पडल्यावर त्यावर चेहरे, मोटारी व किल्ले निघू लागले, यात नवल नाही. काही शिक्षकांनी या उद्योगाला आळा घालण्याऐवजी त्याचाच गृहपाठ केला : ठराविक संख्येची रेषीय समीकरणे, अन्वस्ते व वर्तुळे वापरून एक चित्र काढावे व प्रत्येक समीकरणाचा प्रांत लिहून आणावा.

या यंत्रांवर तुकडा पाडण्याची युक्ती मोठी मौजेची होती. अनेक यंत्रांत ‘क्ष > −२’ असे विधान लिहिल्यास ते खरे असता १ व खोटे असता ० असे मूल्य मिळे. म्हणून ओठांच्या अन्वस्ताला (क्ष > −२) व (क्ष < २) यांच्या गुणाकाराने भागावयाचे. प्रांताच्या आत छेद १ असल्याने वक्र जसाच्या तसा राही. बाहेर छेद शून्य होई, शून्याने भागणे निषिद्ध असल्याने यंत्र तेथे काहीच काढीत नसे. अंकगणितातील निषेधाचा कात्रीसारखा उपयोग करण्याची ही कल्पना कोणा एकाची नसावी. ती अनेकांना स्वतंत्रपणे सुचण्याजोगी आहे. वटवाघळाच्या रूपातील बॅटमॅन या चित्रकथानायकाच्या बोधचिन्हाचे जे समीकरण २०११ मध्ये जगभर प्रसृत झाले, त्यात हेच काम ऋण संख्येच्या वर्गमुळाने केले आहे. (क्ष − ३) चे केवलमूल्य (क्ष − ३) ने भागून त्याचे वर्गमूळ घेतले, तर क्ष ३ हून मोठा असता ते १ येते व लहान असता वास्तव मूल्यच उरत नाही. अशा गुणकांनी छाटलेले तुकडे परस्परांशी गुणून तो गुणाकार शून्याबरोबर मांडला की सर्व तुकड्यांचे मिळून दिसायला एकच समीकरण होते. एका समीकरणात बसविलेले चित्र म्हणून त्याचे कौतुक झाले; वस्तुतः ते अनेक चित्रखंडांचे गाठोडे आहे.

पडद्याची लबाडी : ९६ उभ्या स्तंभांच्या पडद्यावर शून्य ते ३६० अंश एवढा पल्ला घेतला, तर पहिल्या व शेवटच्या स्तंभांमध्ये ९५ समान अंतरे होतात. यंत्र प्रत्येक स्तंभासाठी एकदाच मूल्य काढते व लगतचे बिंदू जोडते. आता य = ज्या ९५क्ष काढावयास सांगितले, तर प्रत्येक स्तंभाशी कोन ३६० अंशांच्या पटीतच येतो, मूल्य शून्य मिळते आणि पडद्यावर सपाट रेषा उमटते. य = ज्या ९६क्ष दिल्यास याहून आश्चर्यकारक गोष्ट घडते : ९६ हेलकावे असलेल्या या वक्राच्या जागी य = ज्या क्ष चा एकच संथ हेलकावा दिसतो, दोन्ही चित्रांत एका बिंदूचाही फरक नसतो. दुसरा नेहमीचा दोष स्पर्शज्या (टॅन) फलनाच्या आलेखात आढळे. ९० अंशांच्या अलीकडे वक्र वर अनंताकडे व पलीकडे खाली अनंताकडे जातो. यंत्र मात्र हे दोन बिंदू जोडून मध्ये एक उभी रेषा ओढीत असे आणि अनेक विद्यार्थी ती वहीत उतरवून घेत. जाईच्या फुलाची चूक देकार्त यांच्या हातून एकदा झाली. यंत्राच्या द्वारे ती वर्गावर्गांत होऊ लागली.

या दोषांवर उपाय शोधण्याच्या कामातूनच समीकरणचित्रणातील सर्वांत गाजलेले सूत्र जन्मास आले. टोराँटो येथील जेफ टपर यांनी २००१ मध्ये दोन चलांच्या समीकरणांचा विश्वसनीय आलेख काढण्याच्या पद्धतींवर निबंध सादर केला. त्यात उदाहरणादाखल एक असमता दिली होती. तिचा आलेख विशिष्ट ठिकाणी काढला असता त्या असमतेचेच लेखी रूप पडद्यावर उमटते. हे ठिकाण य-अक्षावर पाचशेहून अधिक अंकी असलेल्या एका संख्येपाशी आहे. ही जादू उकलणे कठीण नाही. १०६ स्तंभ व १७ ओळींच्या चौकटीतील प्रत्येक घर काळे की पांढरे हे १ व ० यांनी लिहिले की चित्राची एक प्रचंड द्विमान संख्या होते. टपर यांची असमता त्या संख्येतील एकेक अंक सोडवून मांडते, इतकेच. याच असमतेच्या आलेखात त्या मापाचे प्रत्येक शक्य चित्र य-अक्षावर कोठे ना कोठे सापडते. म्हणजे चित्र समीकरणात नसून संख्येत आहे. टपर यांच्या चातुर्याला त्यामुळे उणेपणा येत नाही, परंतु समीकरणाने चित्र काढले असे म्हणण्यापूर्वी चित्राची माहिती नेमकी कोठे साठविली आहे, हे पाहावे लागते.

साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेले जिओजेब्रा व एली लुबेरॉफ यांच्या संस्थेने २०११ मध्ये उपलब्ध केलेले डेस्मॉस या आलेखकांनी वेगळे यंत्र विकत घेण्याची गरज बरीच कमी केली. डेस्मॉसमध्ये समीकरणापुढे महिरपी कंसात प्रांत लिहिला की तुकडा पडतो; असमतांनी पृष्ठभाग रंगविता येतात; प्रचलांच्या सरकपट्ट्या हलवून वक्र डोळ्यांदेखत वाकविता येतो. त्या संस्थेने २०२० मध्ये विद्यार्थ्यांसाठी समीकरणचित्रांची जागतिक स्पर्धा भरविली. शेकडो तुकड्यांची व्यक्तिचित्रे आता सर्रास आढळतात. त्यांतील पुष्कळशी छायाचित्र पटलामागे ठेवून, त्याच्या कडांवर वक्र बसवीत गिरविलेली असतात. त्यात चिकाटी असते. गणित कितपत असते, हे प्रत्येक चित्रागणिक ठरवावे लागते.

महाराष्ट्रात आलेखी गणकयंत्र शाळांमध्ये रुजले नाही. राज्य मंडळाच्या शालान्त परीक्षेत गणकयंत्र वापरण्यास सर्वसाधारणपणे परवानगी नसते व यंत्राची किंमतही आड आली. दहावीच्या अभ्यासक्रमात दोन चलांतील रेषीय समीकरणे आलेखाने सोडविणे, अकरावीत शंकुच्छेद आणि बारावीत रेषीय प्रायोजनातील असमतांचे प्रदेश छायांकित करणे हे विषय आहेत. चित्रासाठी लागणारी जवळजवळ सर्व सामग्री त्यांत येते, मात्र ती आलेखकागदावर पेन्सिलीने हाताळली जाते. याचा तोटा उघड आहे. एक फायदाही आहे : दोन बिंदू जोडणारा हात विद्यार्थ्याचा स्वतःचा असतो. बिलोली, देगलूर किंवा कुंडलवाडी येथील विद्यार्थ्याला भास्करांचा नियम व ज्या-वक्र एकमेकांवर ठेवून पाहण्यासाठी आज भ्रमणध्वनी पुरतो. त्यांतील अंतर कोठे वाढते हे कळण्यासाठी काही मूल्ये हातानेच काढावी लागतात.

समीकरणचित्रण व देवनागरी अक्षरे : शाळेशी संबंध नसलेला मराठी वाचकही समीकरणचित्रे दररोज पाहत असतो. संगणकावर जुळविलेले प्रत्येक अक्षर हे समीकरणचित्र होय. त्याचा इतिहास पुन्हा तुकड्यांच्याच प्रश्नाशी येऊन मिळतो.

दिलेल्या कितीही बिंदूंतून जाणारी एक बहुपदी नेहमी सापडते. तेव्हा अक्षराच्या कडेवर पुरेसे बिंदू घेऊन एकच मोठे समीकरण का लिहू नये, अशी शंका साहजिक आहे. असे केल्यास बिंदूंच्या मधल्या जागेत, विशेषतः टोकांकडे, वक्र भलतेच हेलकावे घेऊ शकतो, हे जर्मन गणितज्ञ कार्ल रुंगे यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. एका लांब वक्राऐवजी कमी घाताचे अनेक आखूड तुकडे घेऊन त्यांचे सांधे गुळगुळीत करणे हा त्यावरील उपाय होय. जहाजबांधणीतील कारागीर लवचिक पट्टी खुंट्यांमध्ये वाकवून हेच करीत असत. सित्रॉएन या मोटार कारखान्यातील पॉल द कास्तेलझो यांनी १९५९ मध्ये व रेनॉ कारखान्यातील प्येअर बेझ्ये यांनी १९६०–७० या दशकात मोटारींचे बाह्यांग रेखाटण्यासाठी जी पद्धत बसविली, तीत वक्राचा प्रत्येक तुकडा चार बिंदूंनी ठरतो : दोन बिंदू टोकांचे व दोन वक्राला आपल्याकडे ओढणारे. प्रचल शून्यापासून १ पर्यंतच जातो, त्यामुळे तुकडा जन्मतःच तुकडा असतो. त्याला कात्री लावावी लागत नाही.

अक्षरांसाठी याहून वेगळा मार्ग डोनल्ड कनूथ यांनी १९७९ मध्ये मेटाफाँट या आज्ञावलीद्वारे सुचविला. तीत अक्षराची कड न काढता लेखणीचा मार्ग समीकरणांनी सांगतात आणि लेखणीचे टोक विवृत्त किंवा अन्य आकाराचे मानून ते त्या मार्गावरून फिरवितात. दोन बिंदूंची उंची समान असावी, तिसरा त्यांच्या मध्यावर असावा, अशी नाती समीकरणांत लिहिलेली असल्याने एक प्रचल बदलला की संपूर्ण वर्णमाला जाड, बारीक किंवा रुंद होते. हा विचार देवनागरीला जवळचा आहे, कारण तिची वळणे बोरूच्या तिरक्या कापातून आलेली असून रोमन लेखणीच्या मानाने जाड-बारीक भागांचा कल तीत उलट असतो. मुंबईतील संगणकशास्त्रज्ञ पीयूष घोष यांचा भारतीय लिप्यांतील अक्षररचना व मजकूरजुळणी यांविषयीचा अहवाल १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातर्फे प्रसिद्ध झाला. पुढे नेदर्लंड्समधील ग्रोनिंगन येथे फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी मेटाफाँटमध्ये संपूर्ण देवनागरी अक्षरसंच तयार केला (१९९१). अक्षराचे सत्त्व अशा प्रचलांत कधीच पूर्णपणे पकडता येणार नाही, असा आक्षेप डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९८२ मध्ये घेतला होता. देवनागरीच्या बाबतीत तो विशेष लागू पडतो. लेखणीच्या फिरण्यातून क किंवा श यांचे वळण मिळते. पण ज्ञ, क्ष, द्ध, ह्म यांसारख्या जोडाक्षरांत अवयव एकमेकांना जागा करून देण्यासाठी आखडतात व वाकतात. ते किती वाकावेत याचा निवाडा मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी खिळे घडविणाऱ्या कारागिरांनी डोळ्यांनीच केला होता.

मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी हा निवाडा संगणकाच्या युगातही डोळ्यांकडेच ठेवला. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले. त्यांनी रचलेला ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच विंडोज २००० या प्रणालीबरोबर लक्षावधी संगणकांवर पोहोचला. तो ट्रूटाइप पद्धतीचा आहे. या पद्धतीत वक्राचा प्रत्येक तुकडा चारऐवजी तीन बिंदूंनी ठरतो व त्याचे समीकरण द्वितीय घाताचे असते. असा प्रत्येक वक्र तुकडा भूमितीच्या दृष्टीने अन्वस्ताचाच खंड होय. ‘मंगल’मधील क ची वाटोळी कड, व चे पोट व अनुस्वाराचा टिंब हे सर्व अन्वस्तखंडांचे बनलेले आहेत. टिंबाची कड त्यामुळे तंतोतंत वर्तुळ नसते. छपाईच्या आकारात तिचा वर्तुळापासूनचा फरक डोळ्यांना दिसत नाही.